दहाव्या दिवशी येणारा माणूस

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं तोंड हुंगलं. गाईसारखा जबडा धरून नव्हे. मी दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून रुजू होण्याचा कागद पुढे केला, त्यांनी कागदाऐवजी नाक पुढे केलं, हातभर अंतरावर थांबवलं आणि म्हणाले, "मॅडम, कालपासून पोटात काही नाही तुमच्या."

खरंच नव्हतं. आदल्या दिवशी आईने गळ्यात मारलेली एकादशी होती आणि सकाळी भंडाऱ्याहून पहिली एसटी गाठायच्या धांदलीत चहाही राहिला होता. मी पशुवैद्यकाची पदवी घेऊन आलेली नवी डॉक्टर. ते दवाखान्याचे परिचर, म्हणजे सरकारी उतरंडीत माझ्या खाली, आणि त्यांच्या खाली आणखी कोणी नव्हतं. तरी पहिली तपासणी माझी झाली आणि निदानही बरोबर निघालं, याचा मला भयंकर राग आला. "उपास होता," मी जमेल तितक्या अधिकाराने म्हटलं.

"आमच्यात नसते उपास," ते म्हणाले. "माहा बाप म्हणे, उपाशी राहाची सोय आज्याच्या टायमाले रोजचीच होती. आता मुद्दाम कायले कराची." आणि डब्याच्या झाकणात अर्धा भात काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. आमच्या घरी चार पिढ्यांनी मागावर लुगडी विणली, त्यांतल्या कोणाला माझ्या उपासाबद्दल असं बोलायची हिंमत झाली नव्हती. मी भात खाल्ला.

दवाखाना म्हणजे नाकाडोंगरीच्या अलीकडच्या एका गावातल्या दोन खोल्या, अंगणात जनावर अडकवायचा लाकडी खोडा, आणि मागे जंगलापर्यंत धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. आसपासची दहाबारा गावं आमच्याकडे. या गावांत मला "नवी मॅडम" म्हणत आणि त्यांना "नाकवाले डॉक्टर". पाच वर्षं मी तिथे होते, शेवटपर्यंत मी नवीच राहिले.

त्यांचं खरं नाव इथे देत नाही. दिलेलं त्यांना चालेल, पण मग सेवापुस्तिकेवरची जन्मतारीखही द्या म्हणतील, आणि ती त्यांना स्वतःलाच मान्य नव्हती.

ते हुंगत काय होते, हे आधी सांगायला हवं. गाय व्याली की दूध पहिल्या दिवसापासून चढत जातं, पण तिची भूक मात्र पुढचे काही आठवडे मागेच रेंगाळते. खाते कमी आणि देते जास्त. मधली तूट ती अंगावरची चरबी वितळवून भरते, आणि चरबी फार वेगाने वितळायला लागली तर यकृत तुंबतं, गाय खुराक सोडते, आणि तिच्या तोंडाला एक गोडसर, पिकून गेलेल्या फळासारखा वास येतो. पुस्तकात याला ऊर्जेचा ऋण समतोल म्हणतात. हे शब्द मी एकदाच एका गोठ्यात उच्चारले, तेव्हा मालकाने घाबरून विचारलं की यावर लस असते का.

त्यांचं सांगणं वेगळं होतं. "चूल पेटली हाये," ते म्हणत, "भात तं शिजलाच पायजे, आन् लाकूड नाही. तं मंग गाय का करते? घराचे वासे काढून जाळते. सोताच्याच घराचे. त्याचा धूर तोंडातून निघते. थो धूर मी हुंगतो." मी हाच धडा कॉलेजात आलेख काढून शिकले होते आणि बऱ्या गुणांनी पासही झाले होते, पण वासे कुठे जळतात ते मला त्यांच्या तोंडूनच कळलं.

गंमत अशी की मला तो वास येत नसे. काही माणसांच्या नाकाला तो मुळातच येत नाही, आणि मी त्या काहींतली निघाले. त्यांनी महिनाभर प्रयत्न केले. गोठ्यागोठ्यात माझी मान गाईच्या थोबाडापर्यंत वाकवायची, "आला?" विचारायचं, मी "नाही" म्हणायचं, गाईने माझ्या चष्म्यावर फुरफुरायचं. शेवटी त्यांनी हात टेकले. "जाऊ द्या," ते म्हणाले, "तुमच्याजवळ डिग्री तं हाये."

म्हणून मी नागपूरहून पट्ट्यांची डबी आणली. गाईच्या लघवीत पट्टी बुडवायची, जांभळी झाली की समजायचं. या पट्ट्यांचा त्यांनी मनापासून तिरस्कार केला. "गाय मुतेपर्यंत उभं कोण राहाते?" ते विचारत. "माहं नाक मुताची वाट नाही पाहात." पट्टी बुडवण्याआधी ते निकाल जाहीर करत आणि पट्टी त्यांच्यानंतर निमूटपणे जांभळी होई. मला वाटे, पट्टीसुद्धा त्यांना घाबरते.

मी त्यांना एक गोष्ट मात्र शिकवली आणि तिचा मला जन्मभर पश्चात्ताप झाला. गाईच्या पाठीवर, कंबरेच्या हाडांवर, शेपटीच्या मुळाशी किती मांस आहे ते पाहून तिला एक ते पाच गुण द्यायचे असतात. एक म्हणजे सापळा, पाच म्हणजे लठ्ठ. व्यायच्या वेळी गाय साडेतीनच्या आसपास असावी. हे त्यांनी एका दुपारी आत्मसात केलं आणि संध्याकाळपासून माणसांना लावायला सुरुवात केली. पोस्टमन दीड. सरपंच चार. एका लग्नात नवरदेव मांडवात शिरला तेव्हा हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दोन. खुराक वाढवाले पायजे." जिल्ह्याचे एक मोठे साहेब तपासणीला आले, दप्तर पाहून समाधानाने खुर्चीत टेकले, तेव्हा चहा देता देता यांनी माझ्याकडे पाहून गंभीरपणे म्हटलं, "साडेचार. अडचण जाईन." काय अडचण जाईल ते साहेबांनी विचारलं. मी खोकल्याचं सोंग करत बाहेर गेले. मी स्वतः अडीच होते. दर महिन्याला ते मला सांगत, वर एक टक्का बदल नाही म्हणून हळहळत.

खरं भांडण त्यांचं गावाशी होतं. गाय आटली, म्हणजे व्यायच्या आधी दोन महिने दूध बंद झालं, की लोक तिचा खुराकही बंद करत. पुढ्यात भाताचं तणस टाकायचं आणि विसरून जायचं. "दूध देत नाही तं कोंडा कायले?" हा प्रश्न मी इतक्या गोठ्यांत ऐकला की मला त्याच्या चालीवर गाणं रचता आलं असतं. व्याली की मग अचानक लाड सुरू. गूळ, सरकी, जवस, पाहुण्यासारखा पाहुणचार. तोंडाने दिलेल्या गुळावर पोटातले जंतूच जेवून जातात, गाईच्या वाट्याला फक्त खरकटं येतं. पण गूळ भरवल्याचं समाधान मालकाला मिळतं, आणि ते मोठं असतं.

एकदा अशाच एका गोठ्यात ते मालकाला सगळ्यांदेखत म्हणाले, "तुह्या बायकोले आठवा महिना होता, तवा भात बंद केलता का तिचा?" मालक हसला. दाराआडून त्याची बायको शांतपणे म्हणाली, "हो, केलता." मालकाचं हसू तिथेच राहिलं, आणि ते मात्र त्या बाईकडे वळून हात जोडून म्हणाले, "मंग ताई, गाईचा खुराक आता तुमच्या हाती. याच्या हाती नोका देऊ." त्या गोठ्यात पुन्हा कधी गाय अडली नाही. मालक आमच्याशी वर्षभर बोलला नाही, पण त्याची गरजही पडली नाही.

त्यांची आणखी एक सवय होती आणि ती मला आधी विक्षिप्तपणा वाटली. गाय व्याली की त्या दिवशी ते त्या घरी जात नसत. बोलावलं तरी नाही. पहिल्या दोनतीन दिवसांच्या चिकाचा खरवस होतो, मोहल्ल्यात वाटला जातो, सगळे जमतात, वासराचं कौतुक करतात. ते मात्र कॅलेंडरवर खूण करून ठेवत आणि दहाव्या दिवशी आपल्या भोंगा नसलेल्या मोपेडवरून हजर होत. वासराकडे ढुंकूनही न पाहता थेट गाईकडे. "चीक खायले सारेच येतात," ते म्हणत. "गाय तवा हसत असते. रडते ते दसव्या दिवशी, तवा कोणी नसते." वासे जळायला लागतात तो हाच सुमार, हे मी पुस्तकातून पडताळून पाहिलं. ते बरोबर होते. मला त्यांचं बरोबर असणं फार त्रासदायक व्हायचं.

मग कोरोनाचा ताप आला. गावोगावी आला, त्यांनाही आला. शाळेच्या वर्गात पंधरा दिवस अंथरूण टाकून पडले होते. परत आले तेव्हा दीडवर आले होते, पण सकाळी नेहमीसारखा "जयभीम मॅडम" घातला आणि खोड्यातल्या गाईचं तोंड हुंगलं, म्हणून मी निश्चिंत झाले.

खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. तापाआधी माझा डबा बंद असतानाच ते सांगत, "आज वांगं. फोडणी करपली." ते बंद झालं. मला वाटलं, आजारपणाने माणूस जरा सभ्य झाला. गाईंबाबतही त्यांचं बोलणं बदललं होतं. हुंगून लगेच निकाल देत नसत. "पाहतो, तुम्ही पुढं जा" म्हणत आणि अर्ध्या तासाने मागून येऊन सांगत. निकाल बरोबरच असे. आणि माझ्या पट्ट्या मात्र भराभर संपत. मी उंदरांवर संशय घेतला. सरकारी दवाखान्यात जे संपतं ते उंदरांनी खाल्लेलं असतं.

कौसल्याबाईची गाय पुढच्या पावसाळ्यानंतर व्याली. कौसल्याबाई म्हणजे आमच्याच गावातली, एकच जर्सी गाय बाळगणारी बाई. तिचा नवरा तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलायचा. त्या एका गाईच्या दुधावर घरचा चहा, लेकराचं दूध आणि दूध केंद्रावरची किटली असं सगळं चालायचं. आमच्या नाकवाल्या डॉक्टरांचं ऐकून आटलेल्या गाईला खाऊ घालणारी ती गावातली पहिली बाई, म्हणून ती यांची लाडकी. ही बाई एकदा ऐकते म्हटल्यावर जीव ओतून ऐकते. नवरा मिलमधून कोंडा आणायचा, ती त्यात उरलेला भात मिसळायची, वर लाखोळी डाळीचा भुसा. दोन महिने तिने गाईला पाहुणीसारखं ठेवलं. गाय साडेचार झाली. आमचे नाकवाले अभिमानाने सांगत, "पाहा मॅडम, आटलेली गाय कशी ठेवाव ते."

आणि इथे चूक झाली. खाऊ घाला, खाऊ घाला, हे त्यांनी तीस वर्षं सांगितलं होतं. किती, हे कधी सांगितलंच नव्हतं, कारण त्या दहाबारा गावांत कोणी जास्त घातलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं. लठ्ठ गाय व्याल्यावर आणखी कमी खाते, आणि जळायला वासे भरपूर असतात. पुस्तक माझ्याजवळ होतं. मीही काही बोलले नाही. साहेबांच्या साडेचारवर हसलेली मी, गाईच्या साडेचारचं कौतुक मीही केलं, तेव्हा चूक दोघांची.

दहाव्या दिवशी ते एकटेच गेले. मी दुसऱ्या गावी लसीकरणाला होते. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, "काही नाही. अजीर्ण हाये. चूर्ण देल्लं." मी मान डोलावली. त्यांच्या नाकावर मी पदवीपेक्षा जास्त विसंबत होते.

तीन दिवसांनी कौसल्याबाई दवाखान्यात आली. पदर खोचलेला, हात मातीचे. "मॅडम, गाय भिंत चाटून राहिली," ती म्हणाली. "खुराक पाहात नाही. दूध किटलीच्या तळाले लागून राहिलं. मांगचे पाय लटपटून राहिले. भाऊ म्हणले होते काही नाही, पण मले बरं वाटून नाही राहिलं."

आम्ही दोघं गेलो. गाय दावणीशी उभी होती, डोळे खोल गेलेले, कुडाची भिंत एकाच जागी चाटून चाटून ओली झालेली. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पुढे झाले नाहीत. मी गाईच्या शेपटीखाली हळूहळू चोळत उभी राहिले, तसं केलं की गाय लघवी करते. बऱ्याच वेळाने तिने केली. बॅगेतून डबी काढून उघडली, तर रिकामी. उंदरांना शिव्या घालणार इतक्यात त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिच्यातली एक पट्टी माझ्या हातावर ठेवली. माझीच पट्टी.

बुडवताक्षणी ती गडद जांभळी झाली. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी जमिनीकडे. नाक कधी गेलं ते मला विचारावं लागलं नाही. वर्षभर हे मला पुढे पाठवून, मागे थांबून, गाय मुतायची वाट पाहत होते.

मी खूप संतापले होते, आणि त्या संतापात गाईच्या मानेतल्या शिरेत सुई मात्र पहिल्या झटक्यात बसली. ग्लुकोजची बाटली उंच धरायला खुंटी नव्हती. त्यांनी ती हातात धरून हात वर केला. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. मधे गाय खाली बसली ती दोन दिवस उठायचं नाव घेईना. कौसल्याबाई तिच्या बाजूला बसून तोंडापुढे एकेक काडी धरायची, गाय तोंड फिरवायची, ती पुन्हा धरायची. या गाईमागे दुसरी गाय नव्हती, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कोणी ते बोलत नव्हतं.

चौथ्या दिवशी गाय उठली आणि तिने हिरव्या गवताची एक मूठ ओढून खाल्ली. अंगणात आठदहा जण जमले होते. हे बाटली धरून उभे होते, हात वर, आणि तशाच अवस्थेत बोलायला लागले.

"कौसल्याबाई, माहं नाक गेलं. तापात गेलं, आजवर आलं नाही. त्या दिवशी मी हुंगलो ते खोटं होतं. पट्टी घेऊन दोन घंटे उभा होतो, गाय मुतली नाही. तुम्ही सारे पाहून राहिले होते. मले लाज वाटली, म्हणून हुंगून अजीर्ण सांगतलं."

कौसल्याबाई गवत निवडत होती. तिने मान वर केली नाही. "माहीत हाये," ती म्हणाली.

"का माहीत हाये?"

"नाक गेलं ते. साऱ्या गावाले माहीत हाये. उन्हाळ्यात आमच्या चुलीवर दूध करपलं, घरभर धूर. तुम्ही दोन कप चहा पेले आन् म्हणले, मस्त झाला."

त्यांचा हात खाली आला. बाटलीतली धार थांबली. मी म्हटलं, हात वर धरा. त्यांनी धरला.

"तं मंग मले गाय दाखवली कायले?"

"तुम्ही आले म्हणून दाखवली," ती म्हणाली. "व्याली त्या दिवशी सारा मोहल्ला येते, चीक खाते आन् जाते. दसव्या दिवशी दुसरं कोण येते?" मग गवताची पेंडी गाईपुढे सारून तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "पण पुन्हा खोटं बोलू नोका भाऊ. गाय एकच हाये."

मला रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही. एका हाताने सुई आणि दुसऱ्याने गाईची मान धरलेली होती, म्हणून पुसायला मात्र जमलं नाही.

गाय जगली. त्या वेतात दूध निम्म्यावर राहिलं आणि कौसल्याबाईने वर्षभर काळा चहा पाजला, आम्हीही तो बिनतक्रार प्यायलो. पुढच्या वेताला ती साडेतीनवर व्याली. तिचं माप आता कौसल्याबाई स्वतः हाताने घेत असे आणि कोंड्याची टोपलीही ठरलेली. हे पट्ट्यांची डबी उघड्यावर, सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी लावून फिरू लागले. गोठ्यात शेपटीखाली चोळत, तोंडाने "शूऽऽ" करत तासतास उभे राहत. हुंगायची सवय मात्र गेली नाही. आधी हुंगायचे, मान हलवायची, मग पट्टी.

त्यानंतर मी बाळंत झाले. भंडाऱ्याला माहेरी होते. पहिल्या चार दिवसांत सगळे येऊन गेले. बाळाचं नाक कोणासारखं यावर दोन्ही घरांत मतभेद झाले, डिंकाचे लाडू पाहुण्यांनी खाल्ले, आणि मग घर शांत झालं. दहाव्या दिवशी सकाळी बाहेर मोपेड थांबल्याचा आवाज आला. इतक्या लांब ती मोपेड कशी आली, मला अजून कळलेलं नाही.

आई कौतुकाने बाळ घेऊन पुढे झाली. ते म्हणाले, "पाहीन. आधी बाळाची माय दाखवा."

मी उठून बसले. त्यांनी दारातूनच पाहिलं. "अडीचच्या दोन झाल्या," ते म्हणाले. मग आईकडे वळले. "का देता हिले खायले?"

आईने मोठ्या निष्ठेने सांगितलं की बाळंतिणीला पंधरा दिवस सुकंच द्यायचं, भाजी नाही, वरण पातळ नाही, पाणीही बेताचंच. पिढ्यान् पिढ्या असंच. हे ऐकत गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीस वर्षांचे गोठे उमटत गेले.

"अंगावर पाजून राहिली ना?" त्यांनी विचारलं. "चूल तं पेटली हाये. लाकूड कोण टाकन?"

आईला काही कळलं नाही, पण आवाज असा होता की ती स्वयंपाकघरात गेली. त्यांनी पिशवीतून तुपाची बरणी काढली. कौसल्याबाईने पाठवली होती, त्याच गाईची. मग जवळ आले आणि सवयीने नाक पुढे करून हातभर अंतरावर थांबले.

"येतं का काही?" मी विचारलं.

"नाही येत," ते म्हणाले.

आईने ताट आणलं. गरम भात, वरण, वर त्यांनी स्वतः ओतलेलं तूप, जास्तच. मला भूक नव्हती. मी म्हटलं, तुम्ही जा, उशीर होईल, मी खाईन नंतर.

ते भिंतीला टेकून खाली बसले. "जेवा मॅडम," ते म्हणाले. "गाय मुतेपर्यंत उभा राहातो मी. हे का मोठं हाये."